आळ पंपावर

होसकोट्याला व्होल्वोचे ट्रक १९९८ पासून बनतात आणि बसगाड्या २००१ पासून. आजच्या अशा गाडीचं इंजिन रुसलं तर मेकॅनिक एक वायर जोडतो, पडद्यावर कोड उमटतो आणि दुखणं कुठं आहे याचा अंदाज तरी लागतो. त्याच तालुक्यात, नाचणीच्या नाहीतर तुतीच्या रानात उभा असलेला जुना महिंद्रा बी-२७५ किंवा मॅसी १०३५ असला काही कोड देत नाही. तो धूर देतो. तो धूर वाचायची सवय आपण सोडून दिली, ही माझी तक्रार.

आज फक्त इंधनाबद्दल बोलू. बॅटरी दमदार आहे, सेल्फ नीट फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. अशा वेळी एकानं सेल्फ मारावा आणि दुसऱ्यानं सायलेन्सरकडे बघावं. धुराचा मागमूस नसेल तर बहुतेक डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग संशय नोझलवर, टायमिंगवर किंवा कॉम्प्रेशनवर. पान्याला हात न लावता अर्धा तपास झाला.

प्रत्यक्षात काय होतं? बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला जातो. मग शेजारचा ट्रॅक्टर आणून टोचन. तेही जमलं नाही तर एअर क्लीनरचा पाइप काढून त्याच्या तोंडाशी पेटती चिंधी किंवा ईथरचा फवारा. (यात रिंगा-पिस्टनचंच नुकसान होतं असं नाही, भुवयाही जळतात.) शेवटी कुणीतरी जाणता मान हलवून निकाल देतो, “पंप गेला.”

नोझलला दाबानं डिझेल देणाऱ्या या पंपावर आळ घेणं सोयीचं असतं. तो बंद डबा, आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही आणि दुरुस्तीचं बिल घसघशीत. खरं तर सगळ्यात शेवटी बघायचं ते त्याच्याकडे.

सुरुवात टाकीपासून. डिझेल आहे का, कॉक उघडा आहे का, हे प्रश्न विचारायची लाज वाटते म्हणून ते विचारलेच जात नाहीत. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते धुळीनं बुजलं की डिझेल खाली उतरेनासं होतं. इंजिन थोडा वेळ चालून बंद पडतं आणि झाकण सैल केलं की पुन्हा शहाण्यासारखं चालू होतं. मग इंजिन बंद करायची केबल. ती गंजून अर्ध्यावर अडकली की पंप बंदच्या जागी राहतो आणि बाकी सगळं ठणठणीत असूनही नोझलकडे थेंब जात नाही. पंपाच्या अंगावरचा लिव्हर हातानं हलवून बघायला मिनिटही लागत नाही. आणि पाणी. अर्ध्या टाकीनं महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये दमट हवेचं पाणी होतं, डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं, त्याच्या वरच्या थरात जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि तो काळपट गाळ फिल्टर बुजवतो. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत थोडं डिझेल घ्या आणि जरा थांबा. पाणी असेल तर वेगळं झालेलं दिसतं.

यातलं काही नसेल, तर ट्रॅक्टरनं हवा धरली आहे असं समजा. पंपाचं सगळं काम एका गोष्टीवर चालतं: द्रव जवळजवळ दबत नाही. त्यामुळे पंपानं दिलेला दाब तसाच नोझलपर्यंत जातो आणि दीडशे-दोनशे बारच्या आसपास नोझलची सुई उचलून डिझेलचा फवारा आत सुटतो. नळीत हवेचा बुडबुडा असला की पंपाची ताकद त्याला चेपण्यातच खर्च होते, सुई जागची हलत नाही. यातली खरी गोम अशी, की मुख्य पंपाआधीचा फीड पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो आणि ओढणाऱ्या बाजूची फट डिझेल बाहेर सांडण्याऐवजी हवा आत घेऊ शकते. कुठे ओल नाही म्हणून मालक शपथेवर सांगतो, गळती नाही. बंजो बोल्टखाली तेच जुनं तांब्याचं वायसर पुन्हा घातलेलं, तडकलेली रबरी नळी, फिल्टरच्या भांड्याची चपटी झालेली ओ-रिंग, चोर बहुधा यांच्यातलाच.

खात्री करायची असेल तर स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन उंचावर टांगा आणि पारदर्शक नळीनं थेट फीड पंपाला जोडा. हवा काढा: आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा, फेस थांबून सलग डिझेल आलं की घट्ट करा, मग पंपाचा, मग सेल्फ मारत एकेका नोझलचा नट. ट्रॅक्टर चालू झाला तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, नोझलच्या फवाऱ्यापुढे हात नेऊ नये. तो कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठायचा.

या पंपाबद्दल होसकोट्याच्या माणसानं तरी जरा आदर बाळगावा. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये चाललं, पण त्यात इंधन दाबलेल्या हवेनं आत फुंकावं लागे. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर आला आणि ते शेतात नेणं अवघड झालं. बॉश कंपनीनं १९२७ मध्ये इंधनपंप कारखान्यात घाऊक बनवायला सुरुवात केल्यावर डिझेल इंजिन छोट्या गाड्यांना परवडू लागलं. भारतात त्याच बॉशच्या सहकार्यानं १९५१ मध्ये मायको ही कंपनी उभी राहिली ती शेजारच्या बंगळूरला, आणि पुढे तिथल्या अडुगोडीच्या कारखान्यातला पंप देशभर गेला. नोझल आणि इंजेक्टर बनू लागले ते नाशिकला, सातपूरला. तिथला मायको सर्कल आजही त्याच नावानं ओळखला जातो. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी पंपाला ‘मायको’ हेच नाव बसलं, कंपनीनं २००८ मध्ये ते बदललं तरी. (होसकोटे शहाजीराजांच्या जहागिरीत होतं हे आपण अभिमानानं सांगतो; ही दुसरी नाळ सहसा कुणी सांगत नाही.)

या पंपातल्या प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. वंगण म्हणून त्याला मिळतं ते डिझेलच. रॉकेलची भेसळ आणि पाणी त्याचा जीव घेतात, नुसतं वय नाही. म्हणूनच गाळ साफ न करता पंप दुरुस्त करून आणला की तो पुन्हा तिथंच जातो.

मग पंपच का काढला जातो? कारण मेकॅनिकला पैसे मिळतात ते भाग बदलण्याचे, दोष शोधण्याचे नाहीत. दोन तास शोधून त्यानं दहा रुपयांचं वायसर बदललं तर आपण म्हणतो, “एवढ्याचे कसले पैसे?” पंप काढून शहरात पाठवला तर हजारो रुपये निमूट मोजतो. वर मेकॅनिकला फसवा म्हणायला मोकळे! ही रीत त्याला आपणच शिकवली आहे.

दोष शोधायचं हे ज्ञान लवकर कालबाह्य होईल असंही नाही. २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक धूरनियम लागू झाले आणि त्यांच्यात इलेक्ट्रॉनिक पंप आले. पण आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे. त्यांचा यांत्रिक पंप अजून बरीच वर्षं भेटत राहणार.

तेव्हा पुढच्या वेळी शोधण्याची मजुरी वेगळी ठरवा आणि दोष वायसरात सापडला तरी ती पूर्ण द्या. आणि पंप काढावाच लागला, तर बेंचवर लावल्यावर दुरुस्तीआधी किती डिझेल देत होता आणि दुरुस्तीनंतर किती, हे दोन्ही आकडे कागदावर मागून घ्या. आधीचा आकडा द्यायला दुकानदार कां-कूं करू लागला, तर पंप तिथून उचला.