युद्ध त्यांचं, भाव आमचा



आधी शेताची नोंद. सोयाबीन फुले संगम 22 जूनला पेरलं, उगवण बरी आहे. मे महिन्यातल्या पावसानं रान दबलं होतं, म्हणून पाळी दोनदा घालावी लागली, तेवढं डिझेल जादा गेलं. 18:46 मागितलं तर दुकानात नव्हतं. 12:32:16 वर भागवलं, आणि त्याच्यासोबत नको असलेली एक बाटली गळ्यात मारली ती वेगळीच. लिंकिंग बंद आहे असं म्हणतात. असेल, कागदावर.

आता मुद्दा. 2025 च्या जून महिन्यात इस्रायल आणि इराणचं बारा दिवस युद्ध झालं. आपल्या पारावर, टीव्हीवर, ग्रुपवर दोन तट पडले. कोण म्हणतं इस्रायलनं बरोबर केलं, कोण म्हणतं अमेरिकेनं बॉम्ब टाकायला नको होते. पुढाऱ्यांनी पण आपापली मतं टाकून घेतली. पण आपल्या करमाळ्याच्या कंदर भागातली आणि टेंभुर्णीकडची केळी इराणला जाते, हे किती जणांनी काढलं? आमच्या एका पाहुण्याची बाग तोडीला आली होती. व्यापाऱ्यानं फोनवरच भाव उतरवला आणि कारण सांगितलं, "तिकडं युद्ध चालू हाय." घड काय थांबत नाही. पिकलं की पिकलं. यावर एका तरी नेत्याचं निवेदन तुम्ही वाचलं असेल तर मला दाखवा.

माझं म्हणणं असं आहे की परक्याचं युद्ध आलं की आपले पुढारी एकच हिशोब बघतात, शहरातल्या किराणा दुकानाचा. युद्धामुळं आमचा खर्च वाढला तर तो बांधापर्यंत पोचतो. युद्धामुळं आमच्या मालाला चार पैसे जादा मिळायची वेळ आली की दिल्लीत फाटक पडतं. हे मी रागानं बोलत नाही, तारखा सांगतो.

24 फेब्रुवारी 2022 ला पुतीनसाहेबांनी युक्रेनमध्ये फौजा घातल्या. आठ-पंधरा दिवसांत उरकेल असा त्यांचा होरा असावा. तीन वर्षं उलटली तरी संपलं नव्हतं. काळ्या समुद्रातली बंदरं बंद पडली, गहू अडकला, सूर्यफुलाचं तेल अडकलं. रशिया आणि बेलारूसचं पोटॅश अडकलं. आपल्याकडं पोटॅशची बॅग 1700 वर गेली, 10:26:26 ची 1470 वर. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना विचारा, 13:0:45 आणि 0:0:50 त्या वर्षी कसं आणलं ते. विद्राव्य खतांना अनुदानच नसतं, तिथं तर कोणी विचारणारं नव्हतं.

जे केलं ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहितो. 18:46 ची बॅग केंद्रानं 1350 वर धरली, त्यासाठी बॅगमागं 2501 रुपये अनुदान दिलं. युरिया 266 रुपये 50 पैशांवरच राहिला. हे नसतं तर आपलं दिवाळं निघालं असतं. युक्रेनमध्ये अडकलेली डॉक्टरकीची पोरं ऑपरेशन गंगा करून आणली, चार केंद्रीय मंत्री शेजारच्या देशांत जाऊन बसले. चांगलंच काम. (आपल्या पोरांना डॉक्टर व्हायला तिकडं का जावं लागतं, हे विमानतळावर फूल देणाऱ्यांनी कधीतरी बोलावं.)

पण विकायच्या बाजूला काय झालं ते बघा.

एप्रिल 2022 ला पंतप्रधान म्हणाले, जागतिक व्यापार संघटनेनं परवानगी दिली तर भारत जगाला धान्य पुरवायला तयार आहे. आम्हाला अभिमान वाटला. 13 मे ला गव्हाच्या निर्यातीवर बंदी. महिना-सव्वा महिन्यात जगाचा अन्नदाता घरी बसवला. बरं, आपण ज्वारीवाले, गव्हाचं आपल्याला फार नाही. मग 24 मे चा दिवस बघा. त्या एका दिवसात दोन निर्णय झाले. साखरेची निर्यात 100 लाख टनांवर अडवली, आणि कच्चं सोयाबीन तेल नि सूर्यफूल तेल दरवर्षी 20-20 लाख टन, दोन वर्षं, बिनाशुल्क आणायला परवानगी दिली. ऊस आणि सोयाबीन. सोलापूर जिल्ह्याची दोन्ही पिकं एका दिवसात. साखर कारखान्यांचा जिल्हा म्हणून आपण छाती फुगवतो, त्या दिवशी इथल्या किती चेअरमन-आमदारांनी तोंड उघडलं?

त्या एप्रिलात बार्शीच्या बाजारात सोयाबीन सात हजारांच्या पुढं होतं. 2024 च्या हंगामात चार हजार ते बेचाळीसशेला मागत होते, हमीभाव 4892 असताना. मान्य आहे, जगाचा बाजार पण उतरला, ब्राझीलचं पीक मोठं आलं. पण स्वस्त तेलाला दार उघडं ठेवलं ते सप्टेंबर 2024 पर्यंत. मग निवडणूक तोंडावर आल्यावर शुल्क वाढवलं. प्रचारात एका बाजूनं सोयाबीनला सहा हजार सांगितले, दुसऱ्या बाजूनं सात हजार. लिलाव बाजार समितीत व्हायचा तो सभेत झाला. आणि आता 2025 चं ऐका. 28 मे 2025 ला हमीभाव वाढवून 5328 केला. पेढे वाटले. 30 मे ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क 20 टक्क्यांवरून 10 वर आणलं. दोन दिवस! पेढा गिळायला तरी वेळ द्यायचा.

एक आठवलं म्हणून सांगतो. 90 सालाच्या आसपास आमच्या शिवारात सूर्यफूल डोलायचं. पोपटांनी खाल्लं, बियाणं खराब निघालं, हे खरं, पण मोडलं ते स्वस्त तेलानं. युक्रेन पेटल्यावर सूर्यफूल तेलाचा डबा कडाडला तेव्हा साहेब लोक म्हणू लागले, तेलबियांत आत्मनिर्भर व्हा. कुणाच्या जिवावर व्हायचं?

2022 चा जून आठवा. आम्ही खताच्या रांगेत होतो, पेरणी तोंडावर होती. आणि आपल्या राज्याचे आमदार आधी सुरतेत, मग गुवाहाटीत. आपल्या जिल्ह्याची तेव्हा देशभर आठवण निघाली ती सांगोल्याच्या आमदारांच्या झाडी, डोंगार आणि हाटिलामुळं. सांगोला म्हंजे डाळिंबाचं आगार. पोटॅशची बॅग 1700 ला झालीय, हे त्या फोनवर कुणी बोललं नाही. मुंबईतलं सरकार गेलं, दुसरं आलं, शेताचं गणित तेच राहिलं. म्हणून मी एका पक्षाचं नाव घेत नाही.

डिझेलचं तर विचारूच नका. युद्धामुळं रशियाचं तेल स्वस्तात मिळायला लागलं. आधी दोन टक्केसुद्धा नव्हतं, नंतर देशात येणाऱ्या तेलाचा तिसरा हिस्सा रशियाचा झाला. आम्ही कुणाच्या दबावाला भीत नाही, देशाच्या हिताचं बघतो, असं भाषण झालं. मला पटलं. 2022 च्या मे मध्ये केंद्रानं कर कमी केला, जुलैत राज्यानं. त्यानंतर पंपावरचा आकडा हलला तो थेट मार्च 2024 ला, दोन रुपयांनी, लोकसभेच्या तोंडावर. मधल्या काळातला स्वस्ताईचा फायदा कुठल्या टाकीत गेला?

परराष्ट्रमंत्री जयशंकर 2022 मध्ये युरोपवाल्यांना म्हणाले होते की युरोपची अडचण म्हणजे जगाची अडचण ही सवय सोडा. टाळ्या मिळाल्या, मी पण वाजवल्या. आता तेच वाक्य दिल्लीला लावून बघा. शहरात तेल दहा रुपयांनी वाढलं तर देशाची अडचण. बांधावर सोयाबीन तीन हजारांनी पडलं तर ती बांधाची.

काहीजण म्हणतील, काका, गरिबाला तेल महाग द्यायचं का? नाही. आम्ही पण तेल विकतच आणतो. पण स्वस्त तेल द्यायचं तर तिजोरीतनं द्या, रेशनवर द्या. माझ्या पट्टीतनं कापून का देता? आणि ही सवय युद्धापुरती राहिली नाही. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा कुठलं युद्ध होतं? सोलापूर बाजार समितीत लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागायचा तो महिना.

मागणी साधी आहे. पेरणीच्या आधी शुल्क जाहीर करा आणि माल विकेपर्यंत त्याला हात लावू नका. युद्धाच्या नावाखाली निर्यात अडवायची असेल तर त्या दिवसाचा बाजारभाव आणि नंतरचा भाव यातला फरक आमच्या खात्यावर टाका. जिल्ह्याला खताच्या किती बॅगा मंजूर, किती आल्या, हे एप्रिलमध्येच तालुकावार सांगा. पुतीन, ट्रम्प, नेतान्याहू आमचं ऐकणार नाहीत, ते आम्हाला कळतं. आम्ही मत ज्यांना दिलं त्यांच्याशीच बोलतोय.

आपापल्या खासदारांना आणि आमदारांना हेच तीन मुद्दे लेखी द्यायचे आहेत. बार्शी, माढा, करमाळा, उत्तर सोलापूर, अक्कलकोटच्या लोकांनी खताची पावती आणि गेल्या हंगामाची सोयाबीनची पट्टी जपून ठेवा. केळीवाल्यांनी जूनमधल्या तोडीचा भाव तारखेसह लिहून ठेवा. निवेदनाला जोडायला लागेल.