परदेशाची वाट आणि शाळेचा दाखला

गेल्या उन्हाळ्यात आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी कार्यालयात आली. गडचिरोली जिल्ह्यातील एका जंगलालगतच्या खेड्यातून ती पाचवीत आपल्या वसतिगृहात दाखल झाली होती; आज ती नागपूरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. कॅनडातील कायम वास्तव्यासाठी, म्हणजे ज्याला सारे ‘पीआर’ म्हणतात त्यासाठी, तिला अर्ज करावयाचा होता. परंतु शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत ऑगस्ट महिना. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे. मी दाखल-खारीज रजिस्टर काढले. नोंद माझ्याच हस्ताक्षरात होती. प्रवेशाच्या दिवशी तिच्या आईने ‘रोवणीच्या दिवसांत झाली’ असे सांगितल्याचे मला आठवले. रोवणी जूनच्या पहिल्या तारखेला होत नाही, हे धानपट्ट्यात जन्मलेल्या मला कळावयास हवे होते. मी सोयीची तारीख लिहिली. आई बरोबर होती आणि एम.ए. झालेला गुरुजी चुकला होता.

निघताना तिने विचारले, “सर, मी गेले तर समाजाला पाठ दाखवली असं होईल का?” या लेखाचे निमित्त तिचा हा प्रश्नच आहे.

आपल्या समाजात याविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. काहींना परदेशी स्थायिक होणारा प्रत्येक तरुण चळवळीचा गुन्हेगार वाटतो. काहींना व्हिसा म्हणजेच मुक्ती वाटते आणि त्यासाठी शेत विकण्याचीही त्यांची तयारी असते. माझ्या मते दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. जाणे हा आपल्या मुलांचा हक्क आहे. मात्र ज्या दारातून जावयाचे, ते दार कसे उघडते याचे ज्ञान आपण त्यांना दिले पाहिजे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी या दाराकडे प्रथम आदराने पाहतो. १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ या जहाजातील ३७६ हिंदी प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरात उतरूही दिले गेले नाही, कारण ते गोरे नव्हते. त्याच कॅनडाने १९६७ मध्ये गुणांची पद्धत आणली आणि अर्जदाराचा वंश वा देश न पाहता शिक्षण, वय, भाषा व कौशल्य पाहावे असे ठरविले. जन्मावरून नव्हे, तर गुणांवरून माणूस तोलावा हे तत्त्व आपल्याला परके नाही.

परंतु तराजूत वजने कोणती टाकली आहेत हेही पाहावे लागते. तेथील कुशल कामगार योजनेत १०० पैकी ६७ गुण मिळवावे लागतात. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, नोकरीच्या निश्चितीला १० आणि तेथे रुळण्याच्या क्षमतेला १०, अशी ती विभागणी आहे. आमच्या मुलीचे गुण आम्ही कागदावर मांडले. वय पस्तिशीच्या आत, म्हणून १२. नर्सिंगची पदवी, म्हणून २१. चार वर्षांचा अनुभव, म्हणून १३. इंग्रजीच्या परीक्षेत लेखन, वाचन, श्रवण व संभाषण या चारही भागांत तिला सहा-सहा मिळाले, तर भाषेचे १६. बेरीज ६२. इंग्रजीत ती आणखी एक पायरी चढली तर ६६, म्हणजे एका गुणाने बाहेर! दोन पायऱ्या चढली तरच ७०. मात्र तिचा सख्खा भाऊ, काका किंवा मामा कॅनडात राहत असता, तर तेवढ्यासाठी ५ गुण मिळाले असते आणि एकही पायरी न चढता ६७ भरले असते. शिवाय ६७ हा केवळ उंबरठा. पुढे साऱ्या अर्जदारांची पुन्हा गुणानुक्रमे रांग लागते, आणि निर्वाहापुरती रक्कम हाती असल्याचा पुरावाही द्यावा लागतो.

या गणितात जात कोठेही लिहिलेली नाही. तरीही ज्याच्या घरी तीन पिढ्यांपूर्वी इंग्रजी आले, ज्याचा मामा टोरंटोत आहे, ज्याच्या बँकेत शिल्लक आहे, त्याला हे गणित सोपे जाते. घरी झाडीबोली वा गोंडी बोलणाऱ्या, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलीला तेच अवघड जाते. वयाचेही तसेच. पस्तिशीनंतर दरवर्षी एक गुण कमी होतो. आपली कितीतरी मुले तिशी ओलांडेपर्यंत पोलीस भरती, तलाठी भरती आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत अडकलेली असतात. ती या दाराशी पोहोचतात तेव्हा वयाचे गुण ओसरू लागलेले असतात.

आणखी एक अन्याय अधिक खोल आहे. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, कोळशाच्या खाणी, राजुरा-कोरपन्याचे सिमेंट कारखाने येथे आपले किती फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन ठेकेदाराकडे राबतात! हातात कौशल्य आहे. पण नियुक्तिपत्र नाही, पगाराची पावती नाही, कामाचे स्वरूप सांगणारे अनुभव प्रमाणपत्र नाही. परदेशी अधिकारी कागद पाहतो. म्हणून दहा वर्षांचा घाम त्याच्या लेखी शून्य ठरतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. ही संधी आयटीआयच्या मुलांचीही आहे. पण तेथेही जर्मन भाषा आणि प्रमाणपत्रांची मान्यता हे दोन अडसर आहेतच. कागद जपा, मागून घ्या, हे आपण मुलांना शिकवलेच नाही.

हे अज्ञान हेच दलालांचे भांडवल होय. ‘पीआर हमखास’ असे सांगून पैसे घेणारे आता तालुक्याच्या गावीही भेटतात. वस्तुतः अर्ज स्वतः करता येतो आणि नियम सर्वांसाठी खुले आहेत. शिवाय पीआर मिळाला म्हणजे परिचारिकेचा व्यवसाय करण्याचा परवाना मिळाला असे नव्हे. तो तेथील व्यवसाय-परिषदेकडून वेगळा घ्यावा लागतो. हे ठाऊक नसताना शेत विकणे म्हणजे डोळे मिटून नदीत उतरणे.

आता तिच्या प्रश्नाकडे येतो. बाबासाहेबांनी जून १९१३ मध्ये बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना दहा वर्षे सेवेचा करार केला होता. त्यानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा कोलंबियात शिकून आलेल्या या विद्वानाला राहावयास घर मिळेना आणि कचेरीत शिपाईही त्यांच्या हाती कागद देईना. ज्यांना परत बोलवायचे त्यांना मानाने राहता येईल अशी भूमीही लागते, हा त्या घटनेचा धडा आहे. तो विसरून मुलांना केवळ कर्तव्याची आठवण देणे मला अप्रामाणिक वाटते. दुसरीकडे, आपल्या चांद्याचे राजाभाऊ खोब्रागडे इंग्लंडमधून बॅरिस्टर होऊन येथेच परतले. १६ ऑक्टोबर १९५६ च्या चांद्याच्या धम्मदीक्षेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते त्या परतण्यामुळेच. परतणाऱ्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

आणि जे तेथेच राहिले त्यांचे काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदास कायद्याने बंदी घातली. त्यामागे तेथे स्थायिक झालेल्या आंबेडकरी माणसांचे श्रम होते. जात सामानासोबत समुद्र ओलांडते. म्हणून तिच्याशी लढणारेही समुद्रापलीकडे हवेत. भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना एकाच वाटेने न जाता निरनिराळ्या दिशांना जाण्यास सांगितले होते. दूर जाणे म्हणजे तुटणे नव्हे. तुटतो तो, जो आपल्यामागून येणाऱ्याला वाट सांगत नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तीन सूचना करतो. दाखल-खारीज रजिस्टरातील प्रत्येक नोंद पालकांसमक्ष जन्मनोंदीशी ताडून, इंग्रजी स्पेलिंगसह निश्चित करावी. हे काम आम्हा शिक्षकांचे. आठवीपासून बोलण्या-ऐकण्याच्या इंग्रजीचा रोज एक तास असावा. हे काम संस्थेचे. परदेशात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दर महिन्यास एक रविवार नव्या अर्जदारांना विनामूल्य मार्गदर्शन करावे. हे त्यांचे ऋण. ज्याचा मामा टोरंटोत नाही, त्याचा मामा शाळेने व्हावे.

त्या मुलीची जन्मतारीख शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने दुरुस्त होण्यास साडेचार महिने लागले. दरम्यान तिने इंग्रजीची परीक्षा एकदा दिली; एक पायरी कमी पडली. ती पुन्हा बसणार आहे. तिच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. आज देतो: बाई, जा. पण तिकडून आपल्या वसतिगृहातल्या पाचवीच्या मुलींना इंग्रजीत पत्रे लिही, आणि त्यांची उत्तरे तपासून परत पाठव.

जय भीम.