बर्फाचे भाडे

हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताला पदक का नाही, हा प्रश्न दर चार वर्षांनी निघतो आणि 'आपल्याकडे बर्फ कुठे?' एवढ्यावर मिटतो. इंदुरात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या हातगाडीवरचा; तेव्हा आमच्या मित्रमंडळींत हे उत्तर सहज खपते. परंतु हिमालय आपलाच आहे. उणीव निराळीच आहे.

मनालीनजीकच्या वशिष्ठ गावचा शिव केशवन 'ल्यूज' या खेळात १९९८ ते २०१८ अशा सलग सहा हिवाळी ऑलिंपिकांत उतरला. चिमुकल्या घसरगाडीवर पाय पुढे करून उताणे पडायचे आणि बर्फाच्या वळणदार मार्गावरून तासाला शंभर किलोमीटरहूनही अधिक वेगाने खाली यायचे. गाडीला ब्रेक नाही. मार्ग काँक्रीटचा, त्यावरील बर्फ यंत्राने गोठविलेला. त्याच्या कारकिर्दीत असा एकही मार्ग भारतात नव्हता. म्हणजे सरावालाच परदेश गाठणे आले: विमानभाडे, मुक्काम, प्रशिक्षक, वर गाडी आणि तिच्या पोलादी पट्ट्या. घरी असता हा गृहस्थ गाडीला चाके लावून डोंगरातल्या डांबरी रस्त्यांवर मोटारी आणि मेंढरे चुकवीत सराव करी. लोक याचे कौतुक करतात. आम्हांस कौतुकापेक्षा लाज अधिक वाटते.

२०१४ च्या सोची येथील स्पर्धेपूर्वी त्याने लोकांकडे वर्गणी मागितली. गणपतीची वर्गणी आम्ही समजू शकतो. देशाच्या प्रतिनिधीवर ही पाळी का यावी? त्यातच निवडणुकांच्या वादातून भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित झालेली. ७ फेब्रुवारीच्या उद्घाटन संचलनात आपले तिघे खेळाडू तिरंग्याविना चालले. निलंबन उठले ते स्पर्धा सुरू झाल्यावर.

काश्मीरच्या आरिफ खानची कथा याहून बोलकी आहे. गुलमर्गला बर्फ आहे, स्कीईंगला उतारही आहेत. पण ऑलिंपिकच्या पात्रतेसाठी परदेशांतील शर्यतींत गुण मिळवावे लागतात आणि तिकडे हिवाळाभर राहणे सामान्य घराला झेपत नाही. २०१८ ची संधी पैशाअभावी हुकली. २०२२ साली बीजिंगला तो भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लालमच्या दिवशी बर्फ पडत होता, अनेकांना शर्यत पुरी करता आली नाही. आरिफने ती केली, क्रमांक ४५वा. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. पैसे असते, तर सत्ताविसाव्या वर्षीच तिथे पोहोचता.