सांध्यावर गाडी अडते? इंजिन नव्हे, रूळ तपासा

मॉडेल रेल्वेचे इंजिन अडले की दोष इंजिनालाच दिला जातो. महागडे इंजिन खोक्यात जाते, आणि त्याबरोबर मुलांचा छंदही. नवे इंजिन घेण्याआधी वायरवर खर्च करा, असे आमचे मत आहे.

एचओ गाडीची मोटर रुळांतून, चाकांवाटे साधारण १२ व्होल्ट डीसी वीज घेते. रुळांचे तुकडे जोडणारी पत्र्याची पट्टी सैल झाली, काळवंडली की वीज अडखळते. म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर डाग देऊन जोडावी. काम कंटाळवाणे आहे खरे.

सांध्याचे दुखणे वेगळे. रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो 'फ्रॉग' प्लॅस्टिकचा असेल, तर आखूड इंजिन तिथे क्षणभर विजेविना राहते. धातूचा असेल, तर सांधा बदलताना त्याची ध्रुवताही बदलावी लागते; नाहीतर शॉर्ट सर्किट. अनेक सांध्यांत ही वीज केवळ हलत्या पातीच्या स्पर्शावर अवलंबून असते. तिथे धूळ बसतेच. मायक्रोस्विच लावलेला बरा.

दोष शोधायला नुसता मल्टीमीटर फसवतो. सैल जोडावरही तो पूर्ण व्होल्ट दाखवू शकतो. दुचाकीच्या मीटरमधला १२ व्होल्टचा छोटा बल्ब दोन्ही रुळांना टेकवत पुढे सरका. जिथे तो मंदावेल, त्याच्या मागचा जोड उघडा.