पर्समध्ये चार जपानी शब्द



जपानची सहल ठरली की आपल्याकडे आधी खाखरे, चटण्या आणि मेतकुटाची यादी होते. माझं म्हणणं, त्या यादीत चार जपानी शब्दही हवेत. स्वच्छतागृह कुठे आहे हे जिला स्वतःला विचारता येत नाही, ती बाई सरळ पाणी पिणं कमी करते. गाइडला किंवा जावयाला सारखं काय विचारायचं, हा संकोच! त्यात चौविहार करणाऱ्यांनी दिवसाचंही पाणी तोडलं, तर लघवीचा त्रास ओढवून घेतल्यासारखंच.

वाक्य एवढंच आहे : ‘सुमिमासेन, तोइरे वा दोको देस का?’ म्हणजे ‘माफ करा, टॉयलेट कुठे आहे?’ प्रश्नाचा ‘का’ आपल्यासारखाच शेवटी येतो, म्हणून पटकन पाठ होतं. अदबीनं म्हणायचं तर ‘तोइरे’ऐवजी ‘ओतेआराइ’, म्हणजे हात धुण्याची जागा. ‘बाथरूम’ मात्र विचारू नका. तिथल्या घरांत आंघोळीची खोली बहुधा वेगळी असते.

उत्तरही कळायला हवं. ‘मिगी’ म्हणजे उजवीकडे, ‘हिदारी’ डावीकडे, ‘मास्सुगु’ सरळ. दारावरची पाटी वाचता आली नाही, तर बोट दाखवून ‘ओन्ना?’ विचारा; म्हणजे ‘बायकांचं?’ दुकानात शिरलात तर ‘तोइरे ओ कारिते मो ई देस का?’, म्हणजे ‘टॉयलेट वापरलं तर चालेल का?’

आत बटणंच बटणं. त्यातलं ‘योबिदाशी’ हे मदतीला बोलावण्याचं. पाणी सोडायला ते दाबू नका. ‘नागासु’ म्हणजे पाणी सोडणं. ही दोन्ही अक्षरं नातवंडांकडून आधीच कागदावर काढून घ्या. हातरुमालही जवळ ठेवा, कारण हात पुसायला कागद सगळीकडे नसतो.

आणि लाज म्हणाल, तर ती तिथल्या बायकांनाही आहे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्या पुन्हा पुन्हा पाणी सोडत. ते पाणी वाचावं म्हणून टोटो कंपनीनं 1988 मध्ये वाहत्या पाण्याचा नुसता आवाज काढणारं ‘ओतोहिमे’ यंत्र आणलं. त्यांनी लाजेवर उपाय काढला. आपण मात्र तहान मारतो. हा हिशेब मला पटत नाही.

तेव्हा हे शब्द चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. यजमानांच्या फोनमध्ये नको.