फडताळांतल्या फिती

मुंज, विवाह, बारसें, साठीशांत इत्यादि प्रसंग कॅमेऱ्यांत साठविण्याची हौस आपल्या घरांतून आतां जुनी झाली. २००४ पासून पुढें पांचसहा वर्षें ज्यांनीं ही हौस उत्साहानें पुरविली, त्यांच्या फडताळांत आज आगपेटीहून थोड्या मोठ्या अशा कॅसेटींची चळत पडून असते. त्यांवर कोणाचें मंगलकार्य आहे हें सर्वांस ठाऊक असतें. मात्र तें पाहण्याचें साधन बहुधा चालू स्थितींत नसतें. या फिती घरच्या संगणकांत कशा उतरवाव्या व पुढें त्यांचें संपादन कसें करावें, याचा विचार या खेपेस करावयाचा आहे.

प्रथम फितीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. सोनी, कॅनन, शार्प व जेव्हीसी या कंपन्यांनीं २००३ मध्यें 'एचडीव्ही' ही पद्धति ठरविली. पूर्वीच्याच मिनीडीव्ही कॅसेटीवर हायडेफिनिशन चित्र मावावें, हा तिचा हेतु. १०८० रेषांच्या या चित्राची प्रत्येक चौकट संपूर्ण लिहिण्याइतकी जागा फितीवर नसते. म्हणून आपल्याकडील सेकंदास २५ चौकटींच्या पद्धतींत बारा चौकटींचा एक गट करतात. त्यांतील एक पूर्ण नोंदतात, व बाकीच्यांत केवळ काय बदललें तेवढेंच लिहितात. या काटकसरीची किंमत पुढें द्यावी लागते. साध्या डीव्ही फितीवर धुळीचा कण आला तर चित्रांतील एखादा ठिपका बिघडे. एचडीव्हीमध्यें तेवढ्यानेंच अर्ध्या सेकंदापर्यंतचें चित्र गोठतें आणि ध्वनीही तुटतो. कोकणांत व मुंबईंत पावसाळी दमटपणानें फितीस बुरशी धरते, हें लक्षांत घेतां हें काम लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं.

दुसरी अडचण यंत्राची. अशा बहुतेक कॅमेऱ्यांच्या यूएसबी तोंडांतून केवळ स्थिर छायाचित्रें बाहेर पडतात. चलच्चित्र मूळ स्वरूपांत मिळवावयाचें तर 'फायरवायर' तारच हवी. सोनीच्या कॅमेऱ्यांवर तिलाच 'आयलिंक' म्हटलेलें आढळतें. नव्या संगणकांना हें तोंड नसतें, आणि ॲपलनें तर २०२५ च्या 'टाहो' प्रणालींतून फायरवायरची सोयच काढून टाकली. सबब माळ्यावरचा जुना संगणक भंगारवाल्यास देण्यापूर्वीं त्याच्या पाठीमागें हें तोंड आहे काय, तें अवश्य पाहावें.

आतां कृति. कॅमेरा बॅटरीवर न चालवितां विजेच्या ॲडॅप्टरवर चालवावा. तार जोडतांना कॅमेरा व संगणक दोन्ही बंद असावेत; सहा पिनांचें टोक उलटें खुपसल्यास यंत्र कायमचें निकामी होऊं शकतें. कॅसेट एकवार शेवटपर्यंत पुढें नेऊन पुन्हां मागें आणावी, म्हणजे बसलेली फीत सैल होते. कॅमेऱ्याच्या यादींत 'एचडीव्ही' निवडावें, आणि चित्राचें साध्या डीव्हीमध्यें रूपांतर करणारी सोय बंद असल्याची खात्री करावी. ती चालू राहिली तर सारे श्रम होऊनही पदरांत हलक्या प्रतीचें चित्र पडतें. विंडोजवर 'एचडीव्हीस्प्लिट' व लिनक्सवर 'डीव्हीग्रॅब' या प्रणाली फितीवरील मजकूर जशाचा तसा उतरवून घेतात. तासाभराच्या कॅसेटीस सुमारें १२ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर ऐंशींच्या आसपास कॅसेटी मावतील.

या कामांत घाई चालत नाहीं. तासाची फीत उतरावयास तासच लागतो. पुष्कळांना ही कटकट वाटते. आमच्या मतें हाच त्यांतील सर्वांत मोलाचा भाग होय. त्या तासापुरतें घरांतील वडीलधाऱ्या माणसांस पडद्यासमोर बसवावें व वही घेऊन शेजारीं बसावें. मांडवाच्या कडेला उभे असलेले ते गृहस्थ कोणाचे व्याही, मातृभोजनाच्या पंगतींत बसलेली ती मुलगी कोणाची, अक्षतांच्या गर्दींत मोठ्यानें हांक मारणाऱ्या त्या बाई कोणत्या गांवच्या, हें सांगणारीं माणसें घरांत एकदोनच उरलेलीं असतात. कॅसेटीचा क्रमांक, मिनिट, नांव, नातें व गांव अशा पांच रकान्यांत ही माहिती लिहून ठेवावी. चित्र वांचलें आणि नांवें गेलीं, तर नातवंडांच्या हातीं परक्यांच्या लग्नाचा चित्रपट तेवढा राहील.

उतरविलेल्या मूळ प्रतीस कात्री लावूं नये. संपादन नेहमीं दुसऱ्या प्रतीवर करावें. 'केडेनलाइव्ह' व 'शॉटकट' या प्रणाली विनामूल्य मिळतात, आणि 'डाव्हिंची रिझॉल्व्ह'चीही एक आवृत्ति मोफत आहे. जुनें चित्र सम व विषम रेषांच्या दोन अर्धांनीं बनलेलें असल्यामुळें हालत्या माणसांच्या कडांस फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या काढण्यासाठीं 'डीइंटरलेसिंग' करावें, व सेकंदास पन्नास चौकटी ठेवाव्या. पंचवीस ठेवल्यास हालचालींतील सफाई जाते.

काय कापावें यासंबंधीं एक विनंति. जमिनीचें वा बुटांचें चित्रण, हललेला कॅमेरा, अंधार हें खुशाल काढावें. परंतु चित्राखालचा आवाज पुसून त्या जागीं सिनेमाचें गाणें घालण्याचा मोह टाळावा. मंगलाष्टकांचा सूर, स्वयंपाकघरांतली लगबग, उखाणा घेतांना अडखळलेली नवरी आणि तिला मागून शब्द पुरविणारी आत्या, हें सारें त्या आवाजांतच आहे. छायाचित्रें अल्बमांत पुष्कळ असतात; दिवंगत माणसाचा स्वर मात्र बहुधा याच फितींत सांपडतो. पाहुण्यांना दाखविण्यासाठीं वीस मिनिटांची एक प्रत करावी, व घरासाठीं संपूर्ण प्रत जशीच्या तशी ठेवावी.

शेवटीं, एकाच डिस्कवर विसंबूं नये. तीन प्रती कराव्या, आणि त्यांपैकीं एक परगांवीं, मुलीच्या वा भावाच्या घरीं असूं द्यावी. वहीचीं पानेंही छायाचित्र काढून त्याच डिस्कवर ठेवावीं. आरंभ कोणत्या कॅसेटीपासून करावा असा प्रश्न पडल्यास जींत घरांतील सर्वांत वृद्ध माणसें असतील, ती आधीं घ्यावी. मुलांचे वाढदिवस मागाहून उतरविले तरी चालतील.