दुसऱ्यांच्या पाळण्यांवर

बाळाच्या दूध-पावडरीचा डबा उचलून पाहा. आईचे दूधच बाळासाठी उत्तम, असे त्यावर छापलेले असते. कंपनी हे आपखुशीने छापत नाही, आपल्याकडचा १९९२ चा कायदा तिला ते छापायला लावतो. पण हा डबा जिथे परदेशी विक्रीसाठीच तयार होतो, तिथे काय चालते? या वेळी आम्ही आयर्लंडकडे पाहणार आहोत.

पाऊस, गवत आणि गायींचा हा लहानसा देश बाळाच्या पावडरीच्या निर्यातीत जगात आघाडीवर आहे. आणि स्तनपानाचे प्रमाण जिथे सर्वांत कमी, अशा देशांतही त्याचे नाव आहे.

२००८ साली चीनमध्ये भेसळीच्या पावडरीने सहा बाळे दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली. दुधात मेलामाइन मिसळले होते. तिथल्या आयांचा देशी डब्यावरचा विश्वास उडाला आणि परदेशी डब्याला सोन्याचा भाव आला. २०१५ मध्ये युरोपातील दूध उत्पादनावरची मर्यादा उठली, तेव्हा आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी गोठे वाढवले. त्याआधीच, २०१२ पासून, सरकारी संस्था तिथल्या अन्नपदार्थांची ‘हिरवे’, पर्यावरणस्नेही म्हणून जगभर ओळख करून देत होती.

हिरवे कसले? त्या देशाच्या तापमानवाढीच्या वायूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक वायू शेती व गुराढोरांतून येतात. शेणखताचे आणि रासायनिक खताचे नायट्रोजन नद्यांत उतरते. दूध आटवून सुकवायला इंधन लागते, त्यात वनस्पती तेले मिसळायची, डब्यात भरायचे आणि जहाजाने अर्धी पृथ्वी ओलांडायची. आईच्या दुधाला यातले काहीच लागत नाही.

२०१६ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने स्तनपान वाढवण्याचा पाच वर्षांचा आराखडा केला. चांगलेच केले. मात्र आपल्या आयांनी पाजावे आणि परक्या आयांनी डबा घ्यावा, हे दोन्ही एकाच सरकारला हवे असावे, हे आम्हाला पटत नाही.

डबा घेणाऱ्या आईला मात्र आम्ही बोल लावणार नाही. कुणी आजारी असते, कुणाला दूधच येत नाही, कुणाच्या मांडीवर पोरके बाळ असते. सूरह बकराने दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली, तिथेच दुसऱ्या स्त्रीकडून पाजून घेण्याची मुभाही दिली आणि कुणावरही त्याच्या ऐपतीपलीकडे ओझे टाकू नये असेही बजावले. गरजेपुरता डबा असावाच. आमची तक्रार गरज वाढवत नेणाऱ्या व्यापाराशी आहे.

त्या व्यापाराचा पायाही किती कच्चा! २०१६ मध्ये चीनमध्ये पावणेदोन कोटींहून अधिक बाळे जन्मली, २०२२ मध्ये एक कोटीहूनही कमी. २०२३ च्या ऑक्टोबरात नेस्लेने लिमरिक परगण्यातील अस्कीटन गावचा पावडरीचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. पाचशेहून अधिक माणसांचा रोजगार त्यावर होता. कारण सांगितले ते हेच, चीनमध्ये बाळे कमी जन्मतात.